जुलाब म्हणजे इम्युनिटीचा क्लास नव्हे

‘लहानपणी चार वेळा पोट बिघडलं की पोर पक्कं होतं, पुढे ॲलर्जी-बिलर्जी काही होत नाही.’ हे वाक्य तुमच्या कानावर कधी पडलं नसेल तर नशीबवान आहात. मूल जुलाबांनी अर्धं झालेलं असतं, आईबाप रात्रभर जागे असतात, आणि कोणीतरी समजूत घालायची म्हणून हे बोलून जातं, वर ‘हे आता सायन्सने सिद्ध झालंय’ असंही चिकटवतं. समजूत म्हणून ठीक आहे हो, पण मामला आता समजुतीपुरता राहिलेला नाही, हात धुवायचा कंटाळा असणाऱ्यापासून ते ‘शुद्ध पाण्यानेच माणूस नाजूक झाला’ असं ठासून सांगणाऱ्यापर्यंत सगळे याच वाक्याच्या आडोशाला उभे राहतात. माझं म्हणणं असं की हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि गंमत म्हणजे त्यातला खरा अर्धा भाग कोणी सांगतच नाही. जंतूंचा सहवास वेगळा आणि जंतूंनी आजारी पाडणं वेगळं. पहिल्याने ॲलर्जी कमी होते याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुसऱ्याने कमी होते याला फारसा नाहीच, उलट आतड्याचं इन्फेक्शन हेच कधीकधी ॲलर्जीसारख्या त्रासाची सुरुवात असू शकतं असं दिसायला लागलंय.

ही कल्पना आली कुठून ते आधी बघू. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन नावाच्या ब्रिटिश संशोधकाचा एक छोटासा लेख आला. १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती त्याच्याकडे होती, आणि त्याला असं दिसलं की घरात मोठी भावंडं जितकी जास्त तितकं त्या मुलाला ‘हे-फीवर’, म्हणजे परागकणांमुळे होणारी शिंका-सर्दी, कमी. त्याने तर्क केला की भावंडांकडून लहानपणी इन्फेक्शन्स लागत असतील आणि त्यामुळे संरक्षण मिळत असेल. लेखाच्या शीर्षकात ‘हायजीन’, म्हणजे स्वच्छता, हा शब्द होता, त्यावरून या कल्पनेला ‘हायजीन हायपोथेसिस’ म्हणायला लागले, आणि पुढची पस्तीसेक वर्षं आपण त्या एका शब्दाची फळं भोगतोय. कारण स्ट्रॅकनने भावंडं मोजली होती, जंतू मोजलेच नव्हते. इन्फेक्शनचा भाग हा अंदाज होता, आणि त्याने तो अंदाज म्हणूनच मांडला होता, पण गोष्ट हातोहात फिरत गेली की अंदाजाचा सिद्धांत व्हायला वेळ लागत नाही.

मग त्याला शास्त्रीय कपडे चढवले गेले. शरीरात मदतनीस टी-पेशींचे, म्हणजे इम्यून सिस्टिमच्या एका प्रकारच्या पेशींचे, दोन गट असतात, एक बॅक्टेरिया-व्हायरसशी लढणारा आणि दुसरा जंतांशी लढणारा, आणि ॲलर्जीमध्ये हा दुसरा गट उगाचच पेटलेला असतो. तेव्हा तराजूसारखं आहे, एका पारड्यात इन्फेक्शन्सचं वजन टाकलं की दुसरं पारडं वर जातं, ॲलर्जी कमी. ऐकायला इतकं छान वाटतं की चूक असेल असं मनातही येत नाही. पण हा तराजू दोन गोष्टींनी मोडला. एक, पोटात जंत असलेल्या माणसांमध्ये तो दुसरा गट जोरात असतो, म्हणजे त्यांना ॲलर्जी भरपूर व्हायला हवी, पण तसं होत नाही, बऱ्याच ठिकाणी उलट कमीच दिसते. आणि दोन, ज्या काळात ॲलर्जी वाढली त्याच काळात टाइप १ डायबेटिससारखे पहिल्या गटाचे आजारही वाढले. दोन्ही पारडी एकदम जड कशी होतील? म्हणजे बिघाड पारड्यांत नाही, तराजू धरणाऱ्या हातात आहे. त्या हाताला आता नाव आहे, रेग्युलेटरी टी-पेशी, टी-रेग म्हणा. ‘हे जेवण आहे, हा परागकण आहे, हा आपलाच आहे, शांत बसा’ असं बाकीच्यांना सांगणाऱ्या पेशी. तेव्हा मुद्दा लढाईची प्रॅक्टिस मिळण्याचा नाहीच, न लढायला शिकण्याचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

आता पोटाकडे येऊ. २००० साली पाओलो मात्रिकार्दी आणि सहकाऱ्यांनी इटलीच्या हवाई दलातल्या १,६५९ तरुण कॅडेट्सचं रक्त तपासलं. प्रश्न असा की कोणाला पूर्वी कुठलं इन्फेक्शन होऊन गेलंय आणि कोणाला ॲलर्जी आहे. गोवर, गालगुंड, कांजिण्या असल्या हवेतून पसरणाऱ्या इन्फेक्शन्सचा काही फरक दिसला नाही. पण खाण्यापिण्यातून आणि अस्वच्छतेतून पोटात जाणारी तीन इन्फेक्शन्स, म्हणजे हिपॅटायटिस ए, टॉक्सोप्लाझ्मा आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी, यातली किमान दोन ज्यांना होऊन गेली होती अशा २४५ जणांमध्ये ॲलर्जीचा दमा फक्त एकाला होता. एकाला! हा आकडा वाचून ‘बघा, पोटात घाण गेलेली बरी’ असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं होतं.

पण त्या यादीकडे पुन्हा बघा. हिपॅटायटिस ए हा व्हायरस, तो यकृतावर हल्ला करतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. बॅक्टेरिया तिघांत एकच, आणि तोही आतड्यात राहत नाही, जठरात राहतो. म्हणजे जुलाब करणारा जंतू यात एकही नाही. मग २००३ मध्ये कोपनहेगनमधल्या प्रौढ लोकांवर असाच रक्ततपासणीचा अभ्यास झाला आणि त्यात हीच तीन इन्फेक्शन्स तर होतीच, शिवाय खरे आतडं बिघडवणारे बॅक्टेरियाही तपासले, कॅम्पिलोबॅक्टर, येर्सिनिया आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. पहिल्या तिघांपैकी दोन किंवा जास्त असलेल्यांमध्ये ॲलर्जीचं प्रमाण कमीच दिसलं, इटलीसारखंच. पण आतडं बिघडवणाऱ्या बॅक्टेरियांच्या अँटिबॉडीज ज्यांच्या रक्तात होत्या त्यांच्यात ॲलर्जी जास्त होती. इटलीचा आकडा सांगणारे लोक हा दुसरा अर्धा भाग का सांगत नाहीत हे मला कळत नाही, बहुतेक तो गोष्टीत बसत नाही म्हणून.

अर्थात असल्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी. ज्याला ॲलर्जी आहे त्याचं शरीर अँटिबॉडीजच जास्त बनवत असेल, असंही म्हणता येईल. पण मग हाच नियम पहिल्या आकड्यालाही लावा ना. हिपॅटायटिस ए होऊन गेलेला माणूस म्हणजे लहानपणी दाटीवाटीने, भावंडांत, मातीत, जनावरांजवळ वाढलेला माणूस असण्याची शक्यता जास्त. तो व्हायरस त्या सगळ्या राहणीमानाची खूण आहे. धूर दिसला म्हणजे चूल पेटलेली आहे हे खरं, पण म्हणून स्वयंपाक धुरावर झाला असं कोणी म्हणत नाही.

हेलिकोबॅक्टर पायलोरीचं प्रकरण मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे कारण ते खरंच गुंतागुंतीचं आहे. बॅरी मार्शलने १९८४ मध्ये या बॅक्टेरियाचं द्रावण स्वतः पिऊन स्वतःचं जठर सुजवून घेतलं, आणि २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरेनला नोबेल मिळालं. अल्सरचं मुख्य कारण सापडलं. १९९४ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या सगळ्यात वरच्या यादीत या जंतूचं नाव गेलं. आणि तरी मार्टिन ब्लेझरसारखे संशोधक सांगत राहिले की हा जंतू पोटात असलेल्यांमध्ये लहानपणी सुरू होणारा दमा कमी दिसतो. बाकीच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला, काहींत नाही. पण उंदरांवरचे प्रयोग बोलके आहेत, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना हा जंतू दिला तर पुढे त्यांना दम्यापासून चांगलं संरक्षण मिळतं, मोठ्या उंदरांना दिला तर तितकं नाही, आणि संरक्षण येतं ते टी-रेग पेशींमधून. का? कारण हा जंतू बालपणी येतो तो बहुतेकदा गुपचूप, वर्षानुवर्षं राहण्यासाठी, आणि हाकलून दिलं जाऊ नये म्हणून यजमानाच्या इम्यून सिस्टिमला तो शांत करत राहतो. त्या शांततेचा फायदा फुप्फुसाला मिळतो. म्हणजे इथेही ‘आजारी पडल्याने’ फायदा होत नाहीये, आजारी न पाडता राहणाऱ्या भाडेकरूमुळे होतोय. हाच भाडेकरू म्हातारपणी अल्सर नाहीतर कॅन्सर देऊन जाऊ शकतो हे वेगळं, त्यामुळे कोणी मुद्दाम पाळावा असा तो नाहीच.

तर आतड्यात नेमकं काय होतं. आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं, फक्त एका, आणि पसरलं तर साधारण ३०-३२ चौरस मीटर, म्हणजे घरातल्या दोन मोठ्या खोल्यांएवढं. या एवढ्या पातळ भिंतीच्या आत सुमारे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया, आणि भिंतीच्या अलीकडे शरीरातल्या इम्यून पेशींचा सगळ्यात मोठा जमाव. रोज किलोच्या हिशेबात परकं अन्न त्यातून जातं, आणि तरी आपण रोज सुजून बसत नाही. हा चमत्कार आहे आणि त्याचं नाव टॉलरन्स, सहनशीलता. आतड्यातल्या खास पेशी अन्नाचे नमुने उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे इम्यून पेशींच्या ठाण्यात, नेतात, आणि आजूबाजूला धोक्याची काही खूण नसेल तर तिथे त्या अन्नासाठी टी-रेग तयार होतात. लक्षात घ्या, अट अशी आहे की आजूबाजूला धोक्याची खूण नसेल तर.

आणि इन्फेक्शन म्हणजे नेमकी तीच, धोक्याची खूण. शिगेला घ्या, जेमतेम १० ते १०० जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, ते भिंतीतल्या पेशींमध्ये घुसतात, सूज येते, भिंतीचे सांधे सुटतात, आणि त्याच वेळी जे काही अन्न आतड्यात असेल त्याचे तुकडे आत झिरपतात. आता इम्यून सिस्टिमच्या बाजूने विचार करा. दंगल चालू आहे, धूर झालाय, आणि घटनास्थळी एक अनोळखी माणूस सापडला. तो बिचारा दूध घेऊन चालला होता हे कोण ऐकून घेणार?

हे नुसतं कल्पनाचित्र नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांवर हे करून दाखवलं. उंदरांना आतड्याचं बॅक्टेरियल इन्फेक्शन दिलं आणि त्याच काळात अंड्यातलं एक प्रोटीन खायला घातलं. इन्फेक्शन बरं झालं. नंतर काही आठवड्यांनी तेच प्रोटीन पुन्हा दिलं तर त्या उंदरांच्या आतड्याच्या नसा चिडायला लागल्या, पोटदुखी. इन्फेक्शन न झालेल्या उंदरांना तेच प्रोटीन दिलं तर काही नाही. तपासलं तर आतड्याच्या भिंतीत त्या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडीज सापडल्या, ॲलर्जीत ज्या असतात त्याच, आणि त्यामुळे तिथल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीचा त्रास देणारं रसायन, सोडत होत्या. मजा अशी की हे सगळं फक्त आतड्यापुरतं, रक्तात काही नाही, म्हणजे नेहमीची ॲलर्जी टेस्ट केली असती तर ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं असतं. मग त्याच गटाने माणसांवर बघितलं, इरिटेबल बॉवेलचा त्रास असलेल्या १२ जणांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया असल्या पदार्थांचा अंश टोचला, तर बाराही जणांना कशा ना कशाची तरी जागेवर रिॲक्शन आली, निरोगी ८ जणांपैकी फक्त दोघांना. माणसं थोडी आहेत, मान्य. पण जेवलं की पोट दुखतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात म्हणून ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून आलेल्या लोकांची आठवण हा प्रयोग वाचताना झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरा एक प्रयोग याच्याही आधीचा, २०१५ चा, अमेरिकेतल्या यास्मिन बेलकैद यांच्या लॅबमधला. उंदरांना येर्सिनियाच्या एका जातीचं इन्फेक्शन दिलं, ते बरं झालं, जंतू गेला, पण आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिकावाहिन्या गळक्याच राहिल्या, कित्येक उंदरांत महिनोन्महिने. नमुने घेऊन ग्रंथीकडे निघालेल्या पेशी वाटेतच आजूबाजूच्या चरबीत सांडायला लागल्या. निरोपच पोचला नाही तर सहनशीलता शिकवणार कोण? इन्फेक्शन ‘होऊन गेलं’ असं आपण म्हणतो ना, ते जंतूच्या बाजूने खरं असतं, शरीराच्या बाजूने दरवेळी नसतं.

आणि ॲलर्जी बाजूला ठेवली तरी ‘इन्फेक्शनने इम्युनिटी पक्की होते’ या समजुतीला आतड्याचे जंतू बाकी ठिकाणीही खोटं पाडतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार केसेसमागे एकाला गीया-बारे सिंड्रोम होतो, जंतूच्या आवरणातली साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते आणि इम्यून सिस्टिम गोंधळून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, हातपाय लुळे. साल्मोनेला, शिगेला, येर्सिनिया यांच्यानंतर सांधे सुजतात. आतड्याच्या इन्फेक्शननंतर दहातल्या एकाला इरिटेबल बॉवेल मागे लागतं. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर मिसळले, सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली, आणि त्या लोकांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला तेव्हा कळलं की कितीतरी जणांचं पोट काही पूर्वपदावर आलं नाही. त्यांची इम्युनिटी काय पक्की झाली?

याहून वाईट गोष्ट गरीब मुलांची. जिथे पाणी घाण आहे तिथल्या मुलांचं आतडं एकामागून एक इन्फेक्शनांनी सतत सुजलेलं राहतं, बाहेरून जुलाब दिसत नसले तरी. अन्न नीट शोषलं जात नाही, उंची खुंटते. आणि तोंडावाटे दिलेल्या लसी तिथे कमी लागू पडतात. रोटाव्हायरसची लस श्रीमंत देशांत ९० टक्क्यांच्या आसपास काम करते, सगळ्यात गरीब देशांत ५० टक्क्यांच्या आसपास, याला सुजलेलं आतडं हेही एक कारण मानतात. रोज मार खाणारं पोर शहाणं होत नाही, बधिर होतं, तसंच आहे हे. जगात दरवर्षी पाच वर्षांखालची साडेचार लाखांच्या आसपास मुलं जुलाबाने मरतात. ॲलर्जी कमी व्हावी म्हणून स्वच्छतेत ढील द्या असं म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवून म्हणावं.

मग खरा अर्धा भाग कुठला? तो असा. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत, मूळ वंश जवळजवळ सारखा, कुटुंबं मोठी, राहणी साधी. पण आमिश लोकांची शेती घरगुती, गोठा घराला लागून, पोरं त्यात लुडबुडणार. हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक, गोठे लांब, पोरांचं तिथे काम नाही. शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण आमिशांत ५.२ टक्के, हटराइटांत २१.३ टक्के. २०१६ च्या अभ्यासात दोन्हीकडच्या घरांतली धूळ तपासली तर आमिश घरांत बॅक्टेरियाच्या आवरणाचे अंश जवळपास सातपट, आणि ती धूळ नाकावाटे दिलेल्या उंदरांना दम्यापासून संरक्षण मिळालं. धुळीने. कोणालाही जुलाब न होता, ताप न येता. आमिश मुलं इन्फेक्शनांनी जर्जर आहेत असं काही नाही, ती फक्त भरपूर निरुपद्रवी जंतूंच्या संगतीत वाढतात.

आतड्याचंही तेच. २०१६ मध्येच फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन करेलिया इथल्या बाळांच्या आतड्यातले बॅक्टेरिया तपासले गेले. करेलिया सीमेच्या दोन बाजूंना आहे, पण रशियन बाजूला ॲलर्जी आणि टाइप १ डायबेटिस कितीतरी कमी. फिनिश आणि एस्टोनियन बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटाचं राज्य, ज्याच्या आवरणाचा रेणू इम्यून सिस्टिमला नीट जागं करत नाही. रशियन बाळांत साधे, घरगुती म्हणावेत असे ई. कोलाय, ज्यांच्या आवरणाचा रेणू नीट कान टोचतो. आजार न करता. शिकागोच्या कॅथरीन नॅग्लर यांच्या गटाने दाखवलं की आतड्यातले क्लॉस्ट्रिडिया गटातले काही बॅक्टेरिया आतड्याची भिंत घट्ट ठेवतात, अन्नाचे अंश रक्तात कमी झिरपू देतात, आणि २०१९ मध्ये निरोगी बाळांच्या आतड्यातले बॅक्टेरिया जंतुविरहित उंदरांना दिले तर त्या उंदरांना गाईच्या दुधाच्या ॲलर्जीपासून संरक्षण मिळालं, दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे दिले तर नाही. आता गंमत बघा, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हाही नावाने त्याच भावकीतला, आणि कोपनहेगनमध्ये तो ॲलर्जी वाढलेल्या बाजूला निघाला होता. ‘जंतू चांगले की वाईट’ हा प्रश्नच किती बाळबोध आहे ते यावरून कळावं. आडनाव एक असलं म्हणून सगळी भावकी सारखी नसते.

आणि हे सगळं वेळेवर व्हावं लागतं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना जन्मतःच साधे जंतू दिले तर ते पुढे नॉर्मल वागतात, मोठेपणी दिले तर उपयोग होत नाही, हे २०१२ मध्ये दिसलंय. माणसाची ती खिडकी नेमकी किती महिन्यांची यावर वाद आहे पण ती पहिल्या वर्षात जास्त उघडी असते यावर फारसा नाही. त्यामुळे मोठ्या माणसाने ‘मी मुद्दामच कुठलंही पाणी पितो, इम्युनिटीसाठी’ म्हणणं म्हणजे गाडी निघून गेल्यावर प्लॅटफॉर्म तिकीट काढण्यासारखं, आणि या तिकिटावर टायफॉइड फुकट.

अजून एक गोष्ट कोणी विचारत नाही. स्वच्छतेनेच ॲलर्जी वाढली असेल तर तारखा जुळायला हव्यात ना? अमेरिकेत जर्सी सिटीत १९०८ मध्ये पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली, पुढच्या दोन-तीन दशकांत श्रीमंत देशांच्या शहरांतून टायफॉइड जवळजवळ संपला. पण दमा वाढायला लागला तो १९६० नंतर, आणि खाण्याच्या ॲलर्जीची लाट १९९० नंतरची. नळाला शुद्ध पाणी येऊन दोन पिढ्या सुखाने जगल्या, मग अचानक पाण्यावर खापर कसं? मधल्या काळात बदललं काय, तर कुटुंबं लहान झाली, पोरं घरात बसली, जनावरं लांब गेली, सिझेरियन वाढली, खाण्यातला चोथा गेला, आणि अँटिबायोटिक्सचा पाऊस सुरू झाला.

यातल्या अँटिबायोटिक्सवर मला जरा जास्त बोलायचंय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात एक वर्षाखालच्या बाळांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सचं प्रमाण दर हजारी १,२५० च्या आसपास चिठ्ठ्यांवरून ४९० च्या आसपास आलं, आणि त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत दम्याच्या नव्या केसेस २६ टक्क्यांनी घटल्या. ज्या बाळांची छाती आधीच वाजते त्यांनाच अँटिबायोटिक जास्त दिलं जातं, त्यामुळे कारण-परिणाम उलटा दिसू शकतो हा आक्षेप योग्य आहे, पण त्यांनी मुलांच्या शीचेही नमुने तपासले आणि जितकी औषधं जास्त तितकी बॅक्टेरियाची विविधता कमी हेही दिसलं. आता जुलाबाचं बघा. लहान मुलांचे बरेचसे जुलाब व्हायरसने होतात, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, मुलाला वाचवतं ते ओआरएस आणि झिंक. शीतून रक्त येत असेल, कॉलरा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे द्यायलाच हवं. पण ‘काहीतरी स्ट्राँग द्या डॉक्टर’ म्हणणारे आईबाप आणि ते ऐकणारे डॉक्टर मिळून काय करतात, तर घाण पाण्याने आलेलं इन्फेक्शन एकीकडे, आणि ते घालवण्याच्या नावाखाली आतड्यातली चांगली वस्ती साफ केली दुसरीकडे, म्हणजे ॲलर्जीच्या हिशेबात दोन्हीकडून तोटा. पहिलंच टाळलं असतं, पाणी शुद्ध असतं, तर दुसरं करायची वेळच आली नसती. शुद्ध पाणी आतड्यातल्या बॅक्टेरियांचं शत्रू नाही, ते त्यांचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे, हे मला या सगळ्या वादात ओरडून सांगावंसं वाटतं.

प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दल दोनच वाक्यं. २००१ मध्ये फिनलंडच्या एका प्रयोगात लॅक्टोबॅसिलस हा बॅक्टेरिया दिलेल्या बाळांत एक्झिमा, म्हणजे त्वचेवरचा खाजरा चट्टा, निम्मा दिसला आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला, २००८ मध्ये जर्मनीत तसाच प्रयोग केला तर काहीच फरक नाही. एक जात पुडीत भरून जंगल उगवत नाही.

म्हणून धोरण ठरवणाऱ्यांनी आणि बातम्या लिहिणाऱ्यांनी आधी तो ‘हायजीन हायपोथेसिस’ शब्द सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रॅहम रूक या संशोधकांनी २००३ मध्येच ‘जुने मित्र’ असा शब्द सुचवला होता, माणसाबरोबर हजारो पिढ्या राहिलेले निरुपद्रवी जंतू, त्यांची संगत तुटली हा खरा प्रश्न. शब्दाने काय फरक पडतो म्हणाल तर खूप पडतो, ‘हायजीन’ म्हटलं की दोष साबणावर जातो, ‘मित्र’ म्हटलं की प्रश्न पडतो मित्र गेले कुठे. सॅली ब्लूमफील्ड वगैरे स्वच्छतेची अभ्यासक मंडळी म्हणतात तशी नेमकी स्वच्छता हवी, शौचानंतर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, कच्चं मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, पिण्याचं पाणी शुद्ध हवंच. पण घरातली फरशी, खेळणी, बाळाचे हात, सगळं दिवसातून चार वेळा जंतुनाशकाने पुसायचं काही कारण नाही, जाहिरातीत भिंगाखाली वळवळणारे हिरवे राक्षस दाखवतात म्हणून तर मुळीच नाही.

फिनलंडने हे करून बघितलंय. २००८ ते २०१८ असा त्यांचा राष्ट्रीय ॲलर्जी कार्यक्रम होता, टाळाटाळीपेक्षा सहनशीलता वाढवण्यावर भर देणारा, आणि त्या काळात पाळणाघरांतली ॲलर्जीसाठी म्हणून दिली जाणारी वेगळी जेवणं जवळपास निम्म्यावर आली. २०२० मधला त्यांचाच एक प्रयोग मला फार आवडतो, शहरातल्या काही पाळणाघरांच्या खडी टाकलेल्या अंगणात जंगलातली जमीन अक्षरशः उचलून आणून अंथरली, गवत, झुडपं, वाफे. ३ ते ५ वर्षांची ७५ मुलं या अभ्यासात होती. २८ दिवसांत जंगलाची जमीन मिळालेल्या मुलांच्या त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या बॅक्टेरियाची घडण बदलली, आणि रक्तात इम्यून सिस्टिम शांत ठेवणाऱ्या खुणा वाढल्या. त्यासाठी कोणाला आजारी पडावं लागलं नाही. मुलं मातीत मनसोक्त लोळली, आणि जेवायची वेळ झाली की आत जाऊन हात धुऊन जेवायला बसली.